कारणाचा रकाना

आई गेल्याला चार महिने होत आले तेव्हा तिच्या प्रयोगशाळेतले सर आमच्या घरी आले. त्याआधी त्या इमारतीतून कोणीच आलं नव्हतं. एकोणतीस वर्षं आई तिथे काम करत होती, आणि ती गेल्यावर फलकावर एक कागद लागला, एवढंच. त्या कागदावर तिचं आडनाव चुकीचं छापलं होतं. मी छापखान्यात मुद्रितं तपासते. दिवसाकाठी शंभर चुका बघते, एकीचाही मला राग येत नाही. त्या एका अक्षराचा आला, आणि अजून गेलेला नाही.

सर आले ते सकाळी, कडक इस्त्रीच्या शर्टात. निवृत्त होऊन त्यांना काही वर्षं झाली होती, पण प्रयोगशाळेतली खोली त्यांनी सोडली नव्हती. ते बसले, पाणी प्यायले, भिंतीकडे बघून त्यांनी एक सुस्कारा टाकला.

“बाई म्हणजे आमच्या प्रयोगशाळेचा कणा होत्या,” ते म्हणाले. आईला तिथे सगळे ‘बाई’ म्हणत.

माझी मावशी, आईची धाकटी बहीण, पलंगावर बसून उशांना अभ्रे चढवत होती. आई आजारी पडल्यापासून ती आमच्याकडेच आहे. “कणा होता, तर त्याला बाटल्या धुवायला का बसवलात?” तिनं विचारलं आणि उशी दोन्ही हातांनी थोपटली.

सर हसले. “ते प्रशासकीय निर्णय असतात हो. आमच्या हातात काय असतं?”

“बाटल्या तरी नव्हत्या, एवढं खरं.”

मी मावशीकडे बघितलं. तिनं दुसरी उशी घेतली.

मग सरांनी मुद्द्याला हात घातला. आईनं जेलचे काही फोटो घरी आणून ठेवले होते का? वीसेक वर्षांपूर्वीचे? जेल म्हणजे थरथरणारी पारदर्शक वडी. तिच्यातून वीज सोडली की डीएनएचे तुकडे आकाराप्रमाणे पुढेमागे सरकतात आणि पट्ट्यांसारखे दिसतात. त्या पट्ट्यांचा फोटो एका चकचकीत कागदावर निघतो, आणि तो कागद उजेडानं, उष्णतेनं पांढरा पडतो. प्रयोगशाळेतले सगळे पांढरे पडले होते.

“तसं त्यांना आता काही मोल नाही,” सर म्हणाले, “पण संस्थेच्या इतिहासाच्या दृष्टीनं…”

“शोधावे लागतील,” मी म्हणाले. ते कुठे आहेत हे मला चांगलं माहीत होतं.

“शोध बाळ, सवडीनं शोध.” सर उठले. “म्हणजे या आठवड्यात मिळाले तर बरं.”

त्यांची गाडी वळेपर्यंत मावशी खिडकीत उभी होती. “सवडीनं, आणि या आठवड्यात,” ती म्हणाली. “ज्याला मोल नाही ते मागायला कोणी इस्त्री करून येत नाही गं.”

*

त्या प्रयोगशाळेत उवांवर काम चालायचं. माणसांच्या डोक्यातल्या नव्हे, शेळ्यांच्या अंगावरच्या. आईला ही नोकरी लागली तेव्हा मावशी म्हणाली होती, “शाळेत असताना हिच्या वेणीतल्या काढून काढून मी दमले, आता हिला त्याचाच पगार मिळणार.”

आई तंत्रज्ञ होती. पदवी साधी, पण जे वाचायला मिळेल ते वाचायची आणि मला सोपं करून सांगायची. प्राण्यांच्या पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या बारीक कणिका असतात. शाळेच्या पुस्तकात त्या तंतुकणिका, आईच्या तोंडी मायटोकाँड्रिया. या कणिकांचा स्वतःचा थोडा डीएनए असतो आणि तो आईकडून मुलांकडे जातो, बापाचा त्यात बहुधा वाटा नसतो. माणसात, माशात, बेडकात, बघावं तिथे हा डीएनए म्हणजे एक बंद कडं. सोळा-सतरा हजार अक्षरं, त्यावर सदतीस जनुकं दाटीवाटीनं बसलेली. ही कडी तुटून एकमेकांत जुळत नाहीत, आईकडून आली तशी पुढे जातात, असं तेव्हा शिकवलं जायचं. सरांना शेळीच्या उवेचं कडं पूर्ण वाचून छापायचं होतं. आईनं त्याच्या तुकड्या-तुकड्यांच्या नकला काढून द्यायच्या, सरांनी त्या जुळवायच्या. सहा महिन्यांचं काम होतं.

ते कडं आईला कधी सापडलंच नाही. लांब तुकडे निघेनात. त्याऐवजी जेलमध्ये छोट्या छोट्या पट्ट्या यायच्या, आणि दर वेळी त्याच जागी.

मी तेव्हा सतरा वर्षांची होते. एका रविवारी गच्चीवर आम्ही दोघी चादरी वाळत घालत होतो. चादरीच्या पलीकडून आईनं विचारलं, “रस्ता सरळ आहे की गोल, हे रस्ता न बघता कसं ओळखशील?”

“नाही ओळखता येणार.”

“येतं. दोन माणसांना पाठीला पाठ लावून उभं करायचं आणि चालायला सांगायचं. रस्ता सरळ असेल तर ती आयुष्यात भेटणार नाहीत. गोल असेल तर पलीकडून समोरासमोर येतील. आणि किती वेळात आली त्यावरून गोल केवढा तेही कळतं.” तिनं चादरीवरून डोकं वर काढलं. इतकी खूश मी तिला क्वचित बघितली आहे. “मी तसं केलं. नक्कल जिथून सुरू होते ते छोटे तुकडे, प्रायमर, उलट्या तोंडाचे लावले, म्हणजे नक्कल दोन्ही बाजूंना निघेल असे. भेटले! आणि लगेच भेटले. म्हणजे कडं आहे, पण बारकं आहे. एक नाही, पुष्कळ आहेत. या उवेच्या घरात भाऊ वेगळे झालेत गं. प्रत्येकानं आपली चूल वेगळी मांडली आहे.”

“सरांना सांगितलंस?”

“उद्या सांगते.”

तिनं सांगितलं. तिथे काय बोलणं झालं हे तिनं घरी कधी काढलं नाही. प्रयोग दूषित होतात, बाहेरचा डीएनए आत शिरतो, असं ती मधूनमधून म्हणायला लागली. मग “माझ्याच हातून होतं” असं. तीन वर्षांनी तिला प्रयोगाच्या टेबलावरून उठवून काचसामान धुवायच्या खोलीत पाठवलं, आणि निवृत्त होईपर्यंत चौदा वर्षं ती तिथे होती.

घरातही ती सारखे हात धुवायला लागली, कोपरापर्यंत, सर्जन धुतात तसे. कुंडीत रोप लावायचं असलं की मावशीची वाट बघायची. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा दिवसातून चार वेळा थेंब घालायचे होते. मी डोकं मागे करून बसले, आणि आई बाटली हातात घेऊन नुसती उभी राहिली. “मावशीला येऊ दे,” ती म्हणाली. “माझ्या हाताला गुण नाही.”

डॉक्टरच्या हाताला गुण असतो, स्वयंपाक करणारीच्या असतो. आपल्या हाताला नाही हे ती रोगाचं नाव सांगावं तसं सांगायची. मला वाटायचं, वय झालं, स्वभाव झाला. पुस्तकांवर पुस्तकं वाचणाऱ्या मला आपल्या घरातली ही एवढी मोठी ओळ वाचता आली नाही.

फोटो लोखंडी कपाटात होते, सगळ्यात खालच्या कप्प्यात. पाकिटं काळ्या कागदाची, तिनं स्वतः केलेली, एकावर एक दाबली जाऊ नयेत म्हणून उभी लावलेली. एकशेत्रेचाळीस. सर गेल्यावर मी ती पहिल्यांदा नीट उघडली. पट्ट्या अजून काळ्याभोर होत्या. प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात अनुक्रमांक होता, आणि मागे पेन्सिलनं लिहिलेलं होतं. ‘कडं ३, अंदाजे दोन हजार.’ ‘कडं ५, पुन्हा तेच.’ ‘सर म्हणतात दूषित. दूषित असेल तर दर वेळी त्याच जागी कसं?’ अठ्ठावन्न क्रमांकापर्यंत असं लिहिलेलं होतं. त्यानंतर पंच्याऐंशी फोटोंच्या मागे एकच शब्द होता, ‘दूषित’.

मी ते मावशीला दाखवले. तिनं चष्मा लावून पाच-सहा वाचले आणि परत पाकिटात घातले. “देऊ नकोस,” ती म्हणाली.

*

दोन दिवसांनी जेवणाच्या सुट्टीत एक मुलगी छापखान्यात माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. पाठीवर पिशवी, केस कसेबसे बांधलेले. ती सरांची शेवटची विद्यार्थिनी होती.

“ताई, मला सरांनी पाठवलेलं नाही. हे आधीच सांगते.”

“मग कोणी पाठवलं?”

“माझ्या प्रबंधानं. तो अडकलाय.”

नको असतानाही ती मला तिथेच आवडली. मी तिला खुर्ची दिली.

तिनं नव्या यंत्रावर शेळीच्या उवेचा सगळा डीएनए वाचला होता. अकरा बारकी कडी निघाली. “पण बारकी कडी आता नवीन नाहीत,” ती म्हणाली. “इतर जातींच्या उवांमध्ये ती सापडून बरीच वर्षं झाली. पुस्तकात आलीत.”

“कधी सापडली?”

“तुमच्या आईनं बघितल्यानंतर.”

मी पुढ्यातलं मुद्रित बाजूला सरकवलं.

“नवीन आहे ते बारावं कडं,” ती पुढे सांगू लागली. “आकारानं मोजत गेलं तर ते अर्धं चौथ्यातलं आहे आणि अर्धं सातव्यातलं. दोन्हींमध्ये एक तुकडा अगदी सारखा आहे. तिथे ती तुटून एकमेकांत जुळली आहेत. प्राण्यांच्या मायटोकाँड्रियात हे होत नाही असंच आम्ही शिकलो. आम्ही लेख पाठवला, तर परीक्षक म्हणतात, हे उवेत नाहीच, तुम्ही नक्कल करताना दोन तुकडे चिकटले असणार. तसं होतं कधीकधी. ते तसं नाही हे दाखवायला दुसरा पुरावा पाहिजे. दुसऱ्या काळातला, दुसऱ्या कळपातला, दुसऱ्या हातचा.”

“दुसऱ्या हातचा,” मी म्हणाले.

माझ्या पिशवीत एक पाकीट होतं. ते मी घरी ठेवून येऊ शकले नव्हते. एक्केचाळीस क्रमांकाचा फोटो काढून मी तिच्यापुढे उलटा ठेवला. मागे आईचं अक्षर: ‘४ आणि ७ जोडलेली? दोन्हीकडून भेटतात. सात वेळा केलं.’

ती वाचत होती तेव्हा तिचे ओठ हलत होते. मग तिनं फोटो सुलटा केला, पट्टीवर बोट न टेकवता आकाराचा अंदाज घेतला आणि म्हणाली, “अगं आई गं.” ते कोणाला म्हणाली कोण जाणे.

“हा पुरावा पुरे का?”

“तारीख पाहिजे. फोटो काढायच्या यंत्राचं घड्याळ बिघडलेलं होतं. वीज गेली की ते पुन्हा पहिल्या तारखेला यायचं, म्हणून सगळ्या फोटोंवर एकच तारीख आहे. खरी तारीख पापवहीत आहे. अनुक्रमांकावरून जुळते.”

“पापवही?”

तिला हसू आलं. “अयशस्वी प्रयोगांची नोंदवही. आम्ही पापवहीच म्हणतो. भांडारात आहे, मी बघितली आहे. सर म्हणतात, वही दाखवायची गरज नाही, तारखांची यादी टाइप करून जोडू. पण परीक्षकांनी मूळ पानांचे फोटो मागितलेत.”

“मग सरांची अडचण काय आहे?”

“तुम्हीच बघा,” ती म्हणाली. “मी सांगण्यापेक्षा.”

*

“मी पण येते,” मावशी म्हणाली. “मला ती बाटल्यांची खोली बघायची आहे.”

ती खोली आधी बघितली. तीन खोल नळवाले हौद, खिडकी उंचावर, भिंतीवर ब्रश आकाराप्रमाणे टांगलेले. आता तिथे यंत्र आलं होतं आणि खोलीत कोणी नव्हतं. मावशीनं एका हौदात वाकून बघितलं, नळ सोडला, बंद केला. “चौदा वर्षं,” एवढंच म्हणाली.

भांडार त्याच्याच शेजारी होतं. विद्यार्थिनीनं वही काढून टेबलावर ठेवली. जाड पुठ्ठा, कडा कुरतडलेल्या. पाच रकाने: अनुक्रमांक, तारीख, प्रयोग, कारण, सही. त्या काळी प्रयोगशाळेत नियम होता, तो मुलीनं मला सांगितला. फसलेला प्रत्येक प्रयोग इथे लिहायचा. कारणाचा रकाना रिकामा ठेवता येत नसे. ‘माहीत नाही’ लिहिलेलं तपासणी समितीला चालत नसे. कारण वरिष्ठानं ठरवून लिहायचं, आणि ज्याच्या हातून प्रयोग फसला त्यानं खाली सही करायची.

मी पानं उलटली. तारीख आणि प्रयोग आईच्या अक्षरात. कारण दुसऱ्याच, तिरक्या, ऐटदार अक्षरात, निळ्या शाईत: ‘हाताळणीत दूषित.’ ‘हात नीट न धुतल्याने दूषित.’ ‘निष्काळजीपणा.’ ‘वरीलप्रमाणे.’ ‘वरीलप्रमाणे.’ आणि प्रत्येकाच्या पुढे आईची सही. पूर्ण सही, नाव, वडलांचं नाव, आडनाव, एकही अक्षर न गाळता. जवळजवळ दर आठवड्याला एक.

“ही काय कबुलीजबाबाची वही आहे का?” मावशी म्हणाली.

वाचून वाचून माझं एक मत झालं होतं, की माणसं मोठ्या अन्यायानं मोडतात. इथे मोठं काहीच नव्हतं. एक रकाना होता, आणि तो रिकामा ठेवायचा नाही असा एक नियम होता.

*

सर खोलीतच होते. मावशीला बघून त्यांचा चेहरा जरा पडला. मी वही त्यांच्या टेबलावर ठेवली, आणि फोटोंचा गठ्ठा माझ्या मांडीवर.

“वा, मिळाले तर!” ते म्हणाले. “छान झालं. मी ऋणनिर्देशात बाईंचा आवर्जून उल्लेख करणार आहे. अगदी पहिल्या ओळीत.”

“ऋण कसलं? चोरीच्या मालाला ऋण म्हणतात का?” मावशी म्हणाली.

“मावशी,” मी म्हणाले. मग सरांना, “तिचं नाव लेखकांमध्ये पाहिजे.”

सरांनी हात जोडून टेबलावर ठेवले. “हे बघ बाळ, तुझ्या भावना मी समजू शकतो. पण लेखकाला संमती द्यावी लागते. बाई आता नाहीत. गेलेल्या माणसाला लेखक कसं करणार?”

“करता येतं, सर,” विद्यार्थिनी दारापाशी उभी होती, तिथून म्हणाली. “वारसाची संमती चालते. मी नियम वाचलेत.”

सरांनी तिच्याकडे असं बघितलं की मला तिची काळजी वाटली. मग त्यांनी वहीवर तळवा ठेवला. “ठीक आहे. तिसरं नाव. हिचं, माझं, मग बाईंचं. पण वही राहू दे. जुनी, फाटकी, तिच्यात काय आहे? तारखा आपण टाइप करू.”

“घे गं,” मावशी माझ्या कानाशी म्हणाली. “तिसरं तर तिसरं. नाव लागतंय.”

मी घेतलं असतं. घरून निघताना मला एवढंच हवं होतं. पण भांडारातली ती पानं डोळ्यांपुढून हलत नव्हती.

“सर, टाइप केलेल्या यादीत आई कशी दिसेल? तुमच्याबरोबर आनंदानं शोध लावला आणि मग वारली, अशी. या वहीत ती निष्काळजी आहे, एकशेत्रेचाळीस वेळा. वही भांडारात तशीच राहणार, आणि ती खरी मानली जाणार.”

“तेव्हा सगळ्या जगाची समजूत तीच होती!” सरांचा आवाज पहिल्यांदा चढला. “कोणीही दूषितच म्हटलं असतं. मी काय मुद्दाम केलं? चूक झाली. विज्ञानात चुका होतात.”

“होतात. चुका तपासणं माझं कामच आहे. चूक झाली याचा मला राग नाही. चूक तुमची आणि सही तिची, याचा आहे.”

सरांनी वही स्वतःकडे ओढली, पण उघडली नाही.

“नाव पहिल्या पानावर,” मी म्हणाले. “वहीची सगळी पानं लेखाबरोबर. आणि त्याआधी प्रत्येक कारण तुम्ही स्वतःच्या हातानं दुरुस्त करायचं. नाहीतर फोटो मी घरी घेऊन जाते.”

विद्यार्थिनीचा चेहरा पांढरा पडला. तिची चार वर्षं माझ्या मांडीवर होती, हे मला कळत होतं. ज्या मुलीनं मला खरं सांगितलं तिलाच मी ओलीस धरलं होतं. मला लाज वाटली. तरी मी शब्द मागे घेतला नाही.

“एकशेत्रेचाळीस?” सर म्हणाले. “अगं, एक सर्वसाधारण टीप लिहितो ना शेवटी. सगळ्यांना मिळून.”

“तिनं सही सगळ्यांना मिळून केली नव्हती.”

सर मावशीकडे वळले, जणू मोठ्या माणसानं मध्यस्थी करावी. मावशीनं खुर्ची ओढली आणि पिशवी मांडीवर घेऊन ऐसपैस बसली. “होऊ द्या निवांत,” ती म्हणाली. “तिला तीन वर्षं लागली. तुमची दुपार जाईल.”

नियतकालिकानं दिलेली मुदत सोमवारी संपत होती, हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसलं की सरांनी खिशातून पेन काढलं.

विद्यार्थिनी त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली. “सर, एकच रेघ मारायची. खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी खरं कारण, आजची तारीख, तुमची सही.”

“मला शिकवतेस?”

“तुम्हीच शिकवलंय, सर.”

तिनं क्रमांक वाचायचा, मी तो फोटो काढून पुढे ठेवायचा, सरांनी रेघ मारून लिहायचं: ‘प्रयोग बरोबर. निष्कर्ष चुकीचा काढला.’ पहिल्या दहांना वेळ लागला. मग हात बसला. विसाव्यापाशी त्यांनी ‘निष्कर्ष चुकीचा’ एवढंच लिहायला सुरुवात केली, तेव्हा मी म्हणाले, “कोणी काढला ते राहिलं,” आणि त्यांनी मान वर न करता लिहिलं: ‘मी काढला.’ तिसाव्याला त्यांनी चष्मा पुसला. एक्केचाळिसाव्याला फोटो उलटा करून मागची पेन्सिल दोनदा वाचली.

“हे बाईंनी मला का सांगितलं नाही?” ते म्हणाले. त्यांचा आवाज खरा वाटला. त्यांना खरंच आठवत नव्हतं, आणि मला त्याचाच जास्त संताप आला. एका माणसाच्या आयुष्याची वाट लागते आणि दुसऱ्याला तो दिवसही आठवत नाही.

“सांगितलं असणार,” मी म्हणाले.

“नाही, नाही. सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं.”

मावशी काहीतरी बोलणार होती. मी तिच्या हातावर हात ठेवला.

आम्ही पुढे जात राहिलो. पन्नास. चोपन्न. बाहेर कोणीतरी ट्रॉली ढकलत नेली, काचा किणकिणल्या.

“अठ्ठावन्न,” विद्यार्थिनीनं वाचलं, आणि थांबली.

सरांनी वहीत बघितलं. मीही वाकले. ‘प्रयोग’ या रकान्यात आईनं नेहमीपेक्षा जास्त लिहिलं होतं, बारीक अक्षरात, रेघेबाहेर जाऊन: ‘चौथे व सातवे कडे जोडलेले असावे. सरांना दोनदा दाखवले. कृपया एकदा स्वतः करून बघावे ही विनंती.’ कारणाच्या रकान्यात निळ्या शाईत: ‘शंका काढण्यापेक्षा बाईंनी हात स्वच्छ ठेवावेत.’ पुढे आईची सही. नाव, वडलांचं नाव, आडनाव.

सरांचं पेन कागदावर टेकलं होतं. शाईचा ठिपका मोठा होत गेला. मग त्यांनी रेघ मारायला हात उचलला.

“हे खोडू नका,” मी म्हणाले.

“का?” ते म्हणाले. “इतकी खोडली.”

“ती कारणं होती. चुकलेली होती, दुरुस्त झाली. हे कारण नाही, सर. याची दुरुस्ती होत नाही. हे असंच छापलं जाईल.”

“माझ्या नावासकट?”

“तुमचं नाव इथे कुठे आहे? आईचंच आहे.”

त्यांनी पान पुन्हा बघितलं. आजच्या दुरुस्त्या सोडल्या, तर वरपासून खालपर्यंत त्या जुन्या वहीत त्यांची सही एकदाही नव्हती. ती करायचा नियमच नव्हता.

“मग मी इथे लिहू काय?” त्यांनी विचारलं. विचारताना ते मला नाही, त्या विद्यार्थिनीला विचारत होते.

तिनं माझ्याकडे बघितलं.

“लिहू काही नका,” मी म्हणाले. “सही करा. पूर्ण.”

सरांनी सही केली. आईच्या सहीखाली जागा थोडी होती, म्हणून त्यांना अक्षरं बारीक काढावी लागली. नाव, वडलांचं नाव, आडनाव. शाई वाळेपर्यंत विद्यार्थिनीनं पान धरून ठेवलं, मग पुढचा क्रमांक वाचला.